बालांगिगा: घंटा आणि समुद्र

फिलिपिन्समधल्या बालांगिगा गावाबद्दल दोन विधानं केली जातात: ते लेयते बेटावर आहे आणि तिथल्या चर्चच्या तिन्ही घंटा अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात होत्या. दोन्ही दुरुस्त करायला हवीत.

गाव सामार बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, नदीच्या मुखाशी, लेयतेच्या आखाताकडे तोंड करून आहे. इतिहास कळायला ही जागा आधी नकाशावर बघा. ऑगस्ट १९०१ मध्ये नवव्या अमेरिकी पायदळाची सी कंपनी इथे आली, ती बंदर बंद करून, अमेरिकेशी लढणाऱ्या फिलिपिनो जनरल लुकबानच्या गनिमांची रसद तोडायला. मग या शिपायांनी गावातल्या पुरुषांना तंबूंत कोंडून सफाईला जुंपलं, धान्य जप्त केलं. भडका त्यातूनच उडाला. २८ सप्टेंबरच्या सकाळी शिपाई बंदुका लांब ठेवून न्याहारी करत असताना गावचा पोलिसप्रमुख आबानादोरने पहारेकऱ्याची बंदूक हिसकली, चर्चची घंटा वाजली आणि कोयते निघाले. ७४ पैकी ४८ अमेरिकी मेले. वाचलेले होड्यांतून, किनाऱ्याकिनाऱ्याने पश्चिमेला बासेयकडे निसटले. नंतर अमेरिकी जनरल स्मिथने दहा वर्षांवरच्या, शस्त्र धरू शकणाऱ्या सगळ्यांना मारण्याचा हुकूम दिला. ‘बालांगिगाचं हत्याकांड’ म्हणताना लोक हा भाग गाळतात, ते मला फार खटकतं.

अमेरिकी सैन्याने नेलेल्या घंटांपैकी दोन वायोमिंगच्या हवाई तळावर होत्या, तिसरी दक्षिण कोरियात नवव्या पायदळाकडे. तिन्ही डिसेंबर २०१८ मध्ये गावच्या चर्चला परत मिळाल्या.

जायचं असेल तर लेयतेवरच्या ताक्लोबान शहरातून सान हुआनिको पूल ओलांडून बासेय, माराबुत, लावाआन या क्रमाने किनारी रस्ता धरा.