इंग्रजीच्या परीक्षेसाठी शब्द कसे जमवलेत? अनुभव सांगा

धाकट्या भावाची आयेल्ट्स दीड महिन्यावर आलीय. त्यानं भिंतभर चिठ्ठ्या डकवल्यात: इंग्रजी शब्द, खाली मराठी अर्थ. पाठ सगळे आहेत, निबंधात एकही उतरत नाही. मराठी माध्यमातून येऊन ज्यांनी हे पार केलं, त्यांनी लिहा. माझं सांगते: निबंधाचे गुण चार निकषांवर, त्यात शब्दसंपदा एक, म्हणून मी भारी शब्द कोंबले. 'प्लेथोरा' तीनदा. सहाच्या पुढे गेले नाही.

नांदेड, आता मेलबर्न
माझंही तेच झालं होतं. दुसऱ्या वेळी शब्द एकटा लिहायचाच नाही असं ठरवलं. आपला चहा कडक असतो, पाऊस मुसळधार. 'कठीण चहा' कुणी म्हणत नाही, अर्थ जवळचा असला तरी. इंग्रजीतही चहा 'स्ट्राँग', पाऊस 'हेवी'. मग दोनशेपानी वही केली. डाव्या पानावर 'प्रॉब्लेम', उजव्या पानावर त्याच्याबरोबर येणारी क्रियापदं: 'पोज', 'टॅकल', 'अ‍ॅग्रव्हेट'. खाली माझं स्वतःचं एक वाक्य, तेही गावाकडचं. 'अ‍ॅग्रव्हेट'खाली टँकर उशिरा आल्यानं पाणीटंचाई कशी वाढली ते लिहिलं होतं, परीक्षेत तेच वाक्य थोडं फिरवून वापरलं. बाकीचे बरेच शब्द निवडले अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांच्या २००० सालच्या अकॅडमिक वर्ड लिस्टमधून, म्हणजे अभ्यासाच्या लिखाणात वारंवार येणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या यादीतून. त्यात ५७० शब्दकुलं आहेत, म्हणजे एका मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांचे गट. रोज पाच धरली तर चार महिने लागतात, त्यामुळे दीड महिन्यात सगळी करायच्या मागे लागू नका.

परिचारिका, नाशिक
मी ओईटी दिली, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा. तिथं उलटंच. बोलण्याच्या परीक्षेत रुग्णाशी संवाद असतो, आणि त्याला 'डिस्प्निया' म्हणून चालत नाही, 'शॉर्ट ऑफ ब्रेथ' म्हणावं लागतं. डॉक्टरांना लिहायच्या पत्रात मात्र 'डिस्प्निया' बरोबर. वॉर्डात आपण हेच करतो की! आजींना 'दम लागतो का?' विचारतो आणि केसपेपरवर वेगळं लिहितो.

कोल्हापूर
उच्चार ऐकल्याशिवाय शब्द पाठ करू नका. 'एपिटोमी' मी वर्षानुवर्षं 'एपिटोम' वाचत होतो.

ठाणे
भावाला म्हणावं, चिठ्ठ्या काढून डब्यात टाक. भिंतीवर अर्थ समोरच दिसतो, आठवावा लागत नाही. मी मिठाईच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे केले होते. कार्डाच्या मागे अर्थ. आठवला की कार्ड पुढच्या कप्प्यात, अडला की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज काढायचा, शेवटचा पंधरवड्यानं.