प्रतिसाद: घाईचा एमआरआय म्हणजे कच्चा एमआरआय?

'गुडघ्याच्या एमआरआयचा वेळ कमी केला की मेनिस्कसची (सांध्यातल्या कूर्चेच्या गादीची) बारीक चीर नजरेतून सुटणारच' हे वर चर्चेत आलंय. सरसकट तसं नाही. एमआरआय थेट फोटो काढत नाही. मशीन सिग्नल ओळीओळीने गोळा करतं आणि प्रतिमा नंतर गणिताने बनते. वेळ जातो तो हे गोळा करण्यात. न्यूयॉर्क विद्यापीठाचं वैद्यकीय केंद्र आणि फेसबुक यांनी 2018 मध्ये सुरू केलेल्या 'फास्टएमआरआय' प्रकल्पात साधारण चौथाईच डेटा घेऊन उरलेला एआयने भरला. 2020 च्या अभ्यासात सहा रेडिओलॉजिस्टना गुडघ्याच्या पूर्ण डेटाच्या आणि एआयने भरलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या प्रतिमा दाखवल्या, निदानात लक्षणीय फरक पडला नाही. अर्थात तो एकाच संस्थेतला अभ्यास, हेही धरा.

आणि संथ स्कॅनचा तोटा कुणी बोलतच नाही: पेशंट हलतो! सासूबाईंचा दादरला केला तेव्हा दुखरा गुडघा त्यांना स्थिर ठेवताच येईना, प्रतिमा धूसर, टेक्निशियनने काही भाग पुन्हा घेतला. अशा पेशंटला कमी वेळाचा स्कॅनच जास्त स्पष्ट येऊ शकतो. बिल मात्र त्यामुळे कमी होईल, ही आशा मुंबईत तरी ठेवू नका.