त्याने 'छापू नको' म्हटलेला फोटो पुस्तकात घ्यावा का?

तापीकाठचा (चोपडा)
राम राम मंडळी. मी एका कृषी केंद्रात हिशोब लिहितो. तीन वर्षांपासून सुटीच्या दिवशी कॅमेरा घेऊन केळीच्या बागांत जातो, कापणीच्या टोळ्यांमागे. पहाटे घड उतरवायचा, डोक्यावर घ्यायचा, चिखलातून बांधापर्यंत न्यायचा, ट्रक भरायचा. चिकाने कपडे इतके काळे पडलेले असतात की शर्टाचा मूळ रंग कोणता हे बायकोलाही सांगता यायचं नाही. आता चाळीस फोटोंचं छोटं पुस्तक करतोय, पन्नास प्रती, खिशातले पैसे.

अडकलोय एका फोटोपाशी. पोरगा पंचविशीचा, डोक्यावर घड, कोपरापर्यंत चिकाचे ओघळ, आणि थेट माझ्याकडे बघतोय. पुस्तकाचा जीव त्यात आहे. प्रिंट दाखवली तर म्हणाला, "दादा, छापू नको. सासरवाडीले सांगेल शे, मी ट्रकना हिशोब लिखस." (हिशोब तर मी लिहितो! पण ते असो.) काय करू?

जंक्शनवाला (भुसावळ)
बिनधास्त छाप. पन्नास प्रती त्याच्या सासऱ्यापर्यंत कशाला जातील?

शाई-कागद (धुळे)
जंक्शनभाऊ, सासरा अमळनेरचा निघाला तर एक प्रत पुरते.

फोटोग्राफर दयानिता सिंग यांचं ऐका. 1989 मध्ये लंडनच्या एका वृत्तपत्रासाठी त्या दिल्लीत हिजड्यांचे फोटो काढायला गेल्या. तिथे मोना अहमद भेटल्या. फोटो काढून झाले. मग हे लंडनला छापून येणार असं कळल्यावर मोना म्हणाल्या, तिथे माझे नातेवाईक आहेत, फिल्म परत द्या. सिंग यांनी देऊन टाकली. हातातलं काम गेलं. पण ओळख तुटली नाही. मोना पुढे कब्रस्तानात राहायला गेल्या, तिथेही सिंग जात राहिल्या. 2001 मध्ये 'मायसेल्फ मोना अहमद' आलं. त्यातला मजकूर मोनांनी स्वतः प्रकाशकाला पाठवलेल्या ईमेल्सचा आहे. म्हणजे परत दिलेल्या फिल्मनंतर बारा वर्षांनी पुस्तक, आणि त्यात बोलते ती मोना.

तुम्ही बारा वर्षं थांबा असं नाही म्हणत. पण तो फोटो पुस्तकातून काढाच. आणि छपाईचं: मध्ये पिना मारून बांधणार असाल तर एकूण पानं चारच्या पटीत लागतात. चाळीस फोटो आधी पोस्टकार्ड आकारात काढून घरात फरशीवर मांडा. दहा तरी आपोआप गळतील.

सातपुड्याची (नंदुरबार)
मी शाळेत शिकवते, फोटोतलं फार कळत नाही. पण फोटोग्राफर गौरी गिल यांचं 'बालिका मेला' हे फोटोंचं पुस्तक पाहिलंय. 2003 मध्ये बिकानेरकडच्या लूणकरणसरला मुलींचा मेळा भरला होता. गिल यांनी तिथे फोटोचा तंबू टाकला. ज्या मुलीला हवं तिने यायचं, कसं उभं राहायचं, हातात काय धरायचं, कोणाला सोबत घ्यायचं, सगळं तिनेच ठरवायचं. त्या फोटोंचं हे पुस्तक 2012 मध्ये आलं. त्या पोरी कॅमेऱ्याकडे बघतात तेव्हा घाबरलेल्या दिसत नाहीत, एवढंच माझ्या लक्षात राहिलं.

तुम्ही त्याला एकदा तरी विचारलंत का, की तुला कसा फोटो हवाय?

तापीकाठचा
नाही ताई, विचारलं नव्हतं. रविवारी विचारलं.

आंघोळ करून आला. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. माझ्या पिशवीतली हिशोबाची वही काढून घेतली, कानाला पेन अडकवलं आणि ट्रकच्या फाळक्याला टेकून उभा राहिला. टोळीतले बाकीचे हसून लोटपोट. तो मात्र हलला नाही. "हाऊ छाप," म्हणाला.

जुना फोटो पुस्तकातून काढला, फाइल त्याच्या मोबाइलवर पाठवली आणि माझ्याकडची पुसली. फरशीवर मांडल्यावर चाळीसचे सत्तावीस राहिले, धुळेकर, तुमचं खरं निघालं. नवा फोटो शेवटून दुसऱ्या पानावर घेतोय.

एकच अडचण आहे. घरी मोठा करून पाहिला तर वही धरलेल्या हाताच्या नखांत चीक तसाच आहे, तो साबणाने जात नाही. त्याला सांगितलं, तर म्हणतो, एवढं बारीक कोन देखस. मॅट कागदावर नखं दिसतील का हो?