एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) झाल्यावर तुम्ही आज कुठे आहात? (अनुभव धागा)

परवा बँकेत फॉर्म भरताना व्यवसायाच्या रकान्यात सोशल वर्कर लिहिलं, तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "ते झालं हो, पण नोकरी काय करता?" बारा वर्षं पगार घेऊन हेच काम करतेय. १९३६ साली मुंबईत नागपाड्याला देशातली पहिली समाजकार्याची शाळा सुरू झाली, म्हणजे हे शिक्षण काही कालचं नाही, तरी आपण नेमकं काय करतो हे घरच्यांनाही नीट सांगता येत नाही. म्हणून हा धागा. बीएसडब्ल्यू, एमएसडब्ल्यू झालेल्या सगळ्यांनी लिहा, सध्या कुठे आहात, पगार किती (लाजू नका), आणि कॉलेजातलं काय आजही हाताशी येतं. फक्त क्लायंटची ओळख पटेल असं काही नको, संस्थेचं नावही नको.

मी आधी सांगते. मी एका सरकारी हॉस्पिटलात समाजसेवा अधीक्षक आहे, वॉर्डात सगळे सोशल वर्करताई म्हणतात. दिवसाचा अर्धा वेळ रेशनकार्ड, जनआरोग्य योजनेचे कागद आणि नातेवाइकांची समजूत यातच जातो. आणि अज्ञात रुग्ण. गेल्या पावसाळ्यात पोलिसांनी एका आजोबांना आणून टाकलं, डोक्याला मार, नाव सांगता येईना, खिशात भिजलेलं एसटीचं तिकीट, त्यावर तालुका कसाबसा वाचता येत होता. सारखं एकच, "गोदी आटली का?" आम्हाला वाटलं गोदावरी. नदीकाठच्या गावांच्या पोलीस पाटलांना फोन करून झाले, काही हाती लागलं नाही. कॉलेजात प्रोसेस रेकॉर्डिंगला मॅडम म्हणायच्या, माणूस बोलला ते जसंच्या तसं लिहा, तुमच्या शब्दांत नको, आणि आम्ही रात्री एक-एक वाजेपर्यंत कंटाळून लिहायचो. ती सवय राहिलीय. एका रात्री माझीच वही वाचताना दिसलं, चार दिवसांपूर्वी ते "धार कोण काढतं" असंही म्हणाले होते. म्हणजे गोदी म्हैस! दुसऱ्या दिवशी जवळ बसून विचारलं, आजोबा, दूध कुठं घालता? तर लगेच म्हणाले, "एकशे चौदा." डेअरीतला सभासद नंबर. स्वतःचं नाव आठवत नव्हतं पण तो नंबर पाठ. मग त्या तालुक्यातल्या दूध संस्थांच्या सचिवांना एकेक फोन लावत गेले, सोळाव्या फोनला मुलगा सापडला.

---

ताई, वाचून अंगावर काटा आला. माझं स्पेशलायझेशन एचआर, त्यामुळे कॉलेजात आम्हाला बाकीचे म्हणायचे तुम्ही कसले सोशल वर्कर, तुम्ही तर मालकाचे. २०११ ला चाकणला लेबर वेल्फेअर ऑफिसर म्हणून लागलो. फॅक्टरी ॲक्टप्रमाणे ५०० किंवा जास्त कामगार असले की असा माणूस ठेवावाच लागायचा, म्हणून ठेवलेला. कँटीन, युनिफॉर्म, बस यातच पहिली दोन वर्षं गेली. मग एका कंत्राटी पोराची प्रेस मशीनमध्ये दोन बोटं गेली. हॉस्पिटलात मी गेलो तर तो मलाच धीर देतोय, "साहेब, डावा हात आहे, चालतंय." त्याला नोकरी जायची भीती होती, बोटांचं काहीच नव्हतं. ठेकेदाराने त्याचं ईएसआयसीत (कामगार विम्यात) नाव घातलंच नव्हतं. कायद्यानुसार अशा वेळी भरपाईची जबाबदारी मूळ मालकावरही येते, हे मी लेखी टिपण काढून वर पाठवलं आणि नंतर सहा महिने मला मीटिंगला बोलावलं नाही. भरपाई मिळाली त्याला. मी पुढच्या वर्षी कंपनी बदलली. आता पगार ८५ हजार, घराचा हप्ता आहे. मी अजूनही स्वतःला सोशल वर्करच समजतो.

---

समजायलाच हवं दादा! शॉप फ्लोअरवर आपलं माणूस नसेल तर त्या पोराचं कोण बघणार होतं?

---

मी नंदुरबार. नऊ वर्षं एका छोट्या संस्थेत कुपोषणावर काम केलं, शेवटचा पगार १४ हजार, तोही कधी दोन महिन्यांनी. तरी सोडायचं मनात नव्हतं, पाड्यावरच्या बायका मुलीसारखं वागवायच्या, नवापूरकडून येताना भाकरी बांधून द्यायच्या. २०२० ला एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) बदलला, परदेशी निधीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली आणि मोठ्या संस्थेने लहान संस्थेला तो पैसा पुढे देणं बंद. आमचा पैसा तसाच यायचा. पगार हा सुद्धा खर्चच धरतात ना बऱ्याच ठिकाणी. पुढच्या मार्चमध्ये सरांनी आम्हा सात जणांना बसवून सांगितलं, त्यांना बोलता येत नव्हतं. मग मी अंगणवाडी पर्यवेक्षिकेची परीक्षा दिली, पास झाले. आता सरकारी पगार आहे, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं. काम तेच, बाळाचं वजन, दंडाचा घेर, पण आता रजिस्टरच एवढी झालीत की आईशी बोलायला वेळ काढावा लागतो. मी काढते.

---

मी सोडलं. लातूरला वडिलांचं किराणा दुकान बघतो. तीन वर्षं प्रोजेक्ट संपला की नवीन प्रोजेक्ट शोधायचं चाललं होतं, लग्न ठरेना. पश्चात्ताप नाही, पण रुरल कॅम्पचे फोटो अजून ठेवलेत.

---

बर्मिंगहॅमहून लिहितेय, मूळची नागपूरची. इथे सोशल वर्कर हे बिरुद कायद्याने राखलेलं आहे, नोंदणी नसेल तर लावता येत नाही, आणि नोंदणीसाठी मला आपल्या कॉलेजातून फील्डवर्कचे तास, सिलॅबस सगळं पत्रावर मागवावं लागलं, त्यात आठ महिने गेले. (आपल्याकडे डॉक्टर-वकिलांसारखी कौन्सिल कधी होणार देव जाणे, झाली तर त्या बँकेतल्या बाईंनाही कळेल.) मी मुलांच्या संरक्षणात आहे. ताई, तुमच्या वहीवरून आठवलं, इथे जी मुलं सरकारी देखभालीत वाढतात ती मोठी झाल्यावर स्वतःची फाईल मागवू शकतात. पहिल्या आठवड्यात सुपरवायझरने हे सांगितलं आणि मी त्या दिवशीचा रिपोर्ट पुन्हा लिहिला. "आई निष्काळजी" असं लिहिलं होतं ते काढलं. "आईने सांगितलं की रात्रपाळीहून आल्यावर तिला झोप आवरली नाही" असं घातलं. ते पोर पंचविसाव्या वर्षी वाचेल म्हणून.

---

वर मुलांच्या संरक्षणाचा विषय निघालाय म्हणून लिहिते, मीही त्याच कामात आहे. मी बीड जिल्ह्यात आहे, कंत्राटी, दर अकरा महिन्यांनी ऑर्डर नवी, पोटात गोळा येतो प्रत्येक वेळी. ऑक्टोबर आला की आमचे फोन वाढतात. ऊसतोडीला जोडी लागते, नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल कोयत्यावर मिळते, शिवाय पोरीला गावात एकटी कुणाकडं ठेवायची हा प्रश्न, म्हणून कारखाना सुरू व्हायच्या आधी घाईनं लग्नं उरकतात. मागच्या वर्षी १०९८ वर (मुलांसाठीची हेल्पलाइन) रात्री दहाला कॉल आला, सकाळचा मुहूर्त. ग्रामसेवकच आमच्याकडं बालविवाह प्रतिबंधक अधिकारी, त्यांना उठवलं, मुख्याध्यापकांकडून निर्गम उतारा घेतला, मुलगी पंधरा वर्षं चार महिने. मांडवात पोचलो तर हळद लागलेली. बापाने हमीपत्रावर अंगठा दिला, आरडाओरडा झाला नाही, तोच जास्त जड गेला मला. आई बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, लगीन मोडलंस, आता पाच महिने हिला तू सांभाळतीस का?" या प्रश्नाला कायद्यात उत्तर नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी सरकारी वसतिगृहं आहेत, पण प्रवेश संपला होता. मी तीन दिवस समाजकल्याणच्या पायऱ्यांवर होते. शेवटी जागा मिळाली. पोहचवायला मीच गेले, हाताची मेंदी तशीच होती, वाटेत एक शब्द बोलली नाही माझ्याशी, रागावली होती. आता नववी झाली. अजूनही माझ्याशी मोजकंच बोलते, चालेल. कॉलेजातलं काय उपयोगी पडतं विचारलंय तर हेच, समोरच्याचा राग आपल्यावर निघाला तरी उठून जायचं नाही.

---

सेकंड इयरला आहे, एक विचारू का? आजोबांचं पुढे काय झालं?

---

मुलगा टेम्पो घेऊन आला न्यायला, सोबत गाव अर्धं. डिस्चार्जच्या कागदावर सही करताना त्याने मला बाजूला सांगितलं, ताई, गोदी उन्हाळ्यातच विकली, चारा नव्हता. आजोबा टेम्पोत मागे बसले होते, मला हात करून म्हणाले, धारेच्या वेळेला पोचू.