मदत हवी आहे: डीईसीईच्या प्रकल्पासाठी बालवाडी आणि निरीक्षण नोंदी

नमस्कार ताई-दादा. इग्नूचा डीईसीई करतेय, म्हणजे लहान मुलांची देखभाल आणि शिक्षण या विषयातला, बारावीनंतरचा किमान 1 वर्षाचा डिप्लोमा. पुस्तकं घरी वाचून होतात. अडतंय ते प्रकल्पात, कारण तिथे प्रत्यक्ष मुलांसोबत उपक्रम घ्यायचे असतात. कुर्ला ते मुलुंड पट्ट्यात सकाळची बालवाडी किंवा अंगणवाडी कुणी सुचवेल का?

नोंदी घरी येऊन लिहिल्या की बिघडतात, 'मुलगा हट्टी आहे' असं आपलं मत उतरतं. जागेवर लिहिलं की जे घडलं ते येतं: 'मनोरा तीनदा पडला, चौथ्यांदा मोठा ठोकळा खाली ठेवला.' म्हणून रोज 10-15 मिनिटं कोपऱ्यात बसून लिहायची मुभा फार गरजेची आहे.

दुसरं, साडेतीन आणि साडेपाच वर्षांची मुलं एकाच खोलीत असतील तर कात्रीचा उपक्रम कसा बसवायचा? लहानांना कागद फाडून चिकटवणं, मोठ्यांना रेघेवर कापणं, एवढं सुचलंय. बोथट टोकाच्या कात्र्या 6 आहेत.

परवानगीचा अर्ज सेविकाताईंकडे द्यायचा, मुख्यसेविकांकडे, की थेट बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे? पालकांची संमती लेखीच घेईन, नोंदीत मुलांची नावं आणि फोटो नसतील.