रेडिस शेवटी एजीपीएलवर आलं. मग आधी बीएसडी कशाला?

अर्धवट_कंपायलर:
रेडिस हा मेमरीत चालणारा डेटाबेस. २००९ पासून बीएसडी लायसन्सखाली, म्हणजे श्रेय आणि लायसन्सचा मजकूर राखा, बाकी काय हवं ते करा. मार्च २०२४ मध्ये मालक कंपनीने पुढच्या आवृत्त्यांसाठी ते काढून अशी दोन लायसन्स आणली जी ओपन सोर्सच्या व्याख्येत बसत नाहीत. तक्रार अशी, की क्लाउडवाले आमचं रेडिस विकून गब्बर होतात आणि आम्हाला काही देत नाहीत. काही दिवसांत लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ‘वाल्की’ नावाचा फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून निघालेला वेगळा प्रकल्प, उभा राहिला. मे २०२५ मध्ये रेडिस ८ ला एजीपीएल या ओपन सोर्स लायसन्सचा पर्याय देऊन कंपनी परत फिरली.

एजीपीएलची तिसरी आवृत्ती २००७ सालची आहे. नेटवर्कवरून सेवा देत असाल तरी तुम्ही केलेले बदल वापरणाऱ्याला द्या, हे त्यात स्वच्छ लिहिलंय. आधी सगळं खुल्या हाताने वाटायचं आणि कोणी नेलं की गळा काढायचा, याला काय म्हणावं? लोकांनी फुकट पाठवलेले पॅच (कोडमधल्या दुरुस्त्या) देखील बंद लायसन्सच्या आवृत्तीत गेले, आणि कायद्याने त्यात काही गैर नाही. मला खुपतं ते हे.

मुक्तछंद:
साफ असहमत. एजीपीएलने क्लाउडवाल्यांचं काय वाकडं झालं असतं? कोडला हात न लावता जसंच्या तसं चालवायचं, बिल लावायचं, देणं शून्य. मोंगोडीबी हा डेटाबेस एजीपीएलवरच होता की! तरी ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांनी हीच रड रडत ओपन सोर्समध्ये न बसणारं स्वतःचं लायसन्स, एसएसपीएल, आणलं. म्हणजे कॉपीलेफ्ट (बदल त्याच लायसन्सने वाटायची सक्ती) असूनही कंपनीने पलटी मारलीच.

आणि वाल्की निघालं ते रेडिस ७.२.४ च्या बीएसडी कोडवरूनच. जुना कोड कोणी परत घेऊ शकला नाही.

राउटरवाला:
जीपीएल, म्हणजे प्रोग्रॅम वाटला की सोर्स कोडही द्यायला लावणारं कॉपीलेफ्ट लायसन्स, त्याच्या कोडचाही फोर्क निघतोच, त्यात बीएसडीचं काय कौतुक?

लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी राउटर आठवतो का कोणाला? निळा-काळा डबा, मागे दोन अँटेना. आत लिनक्स आहे हे लोकांनी शोधून काढलं, मग २००३ मध्ये सोर्स द्यावा लागला, कारण जीपीएल. त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची खुली सिस्टिम आली. बीएसडी असतं तर तो कोड डब्यातच राहिला असता. सोनीने बीएसडी लायसन्सची फ्रीबीएसडी ही सिस्टिम घेऊन प्लेस्टेशन ४ ची सिस्टिम बनवली, ती उघडून दाखवा बरं.

मुक्तछंद:
@राउटरवाला, गोष्ट अर्ध्यावर सोडलीत. त्याच राउटरच्या पाचव्या आवृत्तीत कंपनीने लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स ही बंद सिस्टिम टाकली आणि मेमरी निम्मी केली. सक्ती केली की लोक पळवाट काढतात. अ‍ॅपलही जीपीएल ३ नको म्हणून बॅश या कमांड शेलच्या ३.२ आवृत्तीवर वर्षानुवर्षं अडून बसलं, आणि २०१९ मध्ये झेडशेल या दुसऱ्या शेलकडे गेलं.

राउटरवाला:
आणि लिनक्सवालं मॉडेल ‘जीएल’ नावाने वेगळं विकायला काढावं लागलं, ते विसरलात.

बिनपगारी_मेंटेनर:
दोघंही लायसन्सवर भांडताय, दुखणं सीएलएमध्ये आहे. पॅच पाठवताना जो करार सही करून घेतात, त्यात बहुतेकदा लायसन्स बदलायचा हक्क कंपनीला मिळतो. मोंगोडीबीला पलटी मारता आली ती यामुळे. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, हजारो जणांचे कॉपीराइट आपापल्या नावावर आहेत, त्यामुळे उद्या लिनक्सचा जनक टॉरवाल्ड्सच्या मनात आलं तरी जीपीएल २ सुटणं अशक्य. कॉपीलेफ्ट आहे आणि सीएलए नाही, ही जोडी असेल तरच कुलूप पक्कं. सीएलए असेल तर किल्ली एकाच कंपनीकडे.

नाइट_शिफ्ट:
+१. पण पोटापाण्याचं बोला. आमच्या हापिसात लीगलने यादीच दिलीये: एमआयटी, बीएसडी, अपाची ही मोकळी लायसन्स चालतील. एजीपीएल नुसतं वाचण्यात आलं तरी मेल परत येते. मग कोण वापरणार आणि पॅच कोण पाठवणार?

शिरोरेषा:
इतकं टोकाला जायलाच हवं का? मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्त आणि बलू हे फॉन्ट ओएफएल या फॉन्टसाठीच्या लायसन्सखाली आहेत. फॉन्टमध्ये बदल करून वाटलात तर तो त्याच लायसन्सने वाटायचा, पण त्यात छापलेलं पुस्तक तुमचंच. कॉपीलेफ्ट आहे, तरी एकाही प्रकाशकाला त्याची भीती वाटत नाही.

अर्धवट_कंपायलर:
मोंगोडीबीचा मुद्दा मान्य, एजीपीएलने पैसे मिळत नाहीत. पण मी पैशांसाठी भांडत नाहीये, मी पॅच पाठवणाऱ्यांसाठी भांडतोय. @बिनपगारी_मेंटेनर यांची जोडी घ्या: एजीपीएल, सीएलएशिवाय. कोणाचा आक्षेप?

नाइट_शिफ्ट:
लीगलचा.