फलकावर ‘मैत्रीपूर्ण गोळीबार’ लिहू का?

मंगलाताई: गेटजवळच्या २६ जानेवारीच्या फलकावर मुलं काश्मीरमधल्या बडगामला आपल्याच क्षेपणास्त्राने पडलेल्या हवाई दलाच्या हेलिकॉप्टरबद्दल लिहिताहेत. फ्रेंडली फायरला ‘मैत्रीपूर्ण गोळीबार’ चालेल ना?

भूषण: चालेल ताई. मोबाइलवर पण तेच भाषांतर येतंय.

नाना: नको रे भो. फौजेत ‘फ्रेंडली’ म्हणजे आपल्या किंवा मित्रदेशाच्या बाजूचा. शत्रू समजून आपल्याच माणसांवर झाडलेली गोळी, नाहीतर शत्रूवर सोडलेला पण तिथवर न पोहोचता आपल्याच खंदकात पडलेला तोफगोळा, हे फ्रेंडली फायर. त्यात मैत्री कुठे आली?

भूषण: आणि एखाद्याने रागात सोबत्यालाच गोळी घातली तर?

नाना: तो खून. इथे मारायचं शत्रूलाच असतं, चूक ओळखण्यात नाहीतर नेमात होते.
मी एका रात्री पहाऱ्यावर होतो. आमचीच गस्त ठरलेली वाट सोडून नाल्याकडून आली. “थम! कौन आता है?” विचारलं, उत्तर नाही. वाऱ्यात ऐकूच गेलं नव्हतं त्यांना. माझं बोट ट्रिगरवर. दुसऱ्यांदा ओरडलो तेव्हा परवलीचा शब्द आला. सकाळी चहाचा मग हातात धरवत नव्हता. जळगावात परत येऊन इतकी वर्षं झाली, अजून ती रात्र आठवते.

मंगलाताई: बाप रे! नाना, हे कधी बोलला नाहीत.

भूषण: पण विमानात तर ओळख सांगणारं यंत्र असतं ना?

नाना: असतं, आयएफएफ. रडारवाल्याने विचारलं की ते आपोआप उत्तर देतं. पण उत्तर आलं नाही म्हणजे शत्रूच, असं नसतं. यंत्र बंद असेल, बिघडलं असेल. १९९४ मध्ये उत्तर इराकवर अमेरिकेच्या दोन एफ-१५ विमानांनी स्वतःचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं पाडली, २६ जण गेले. लख्ख दिवस होता, वैमानिकांनी जवळून पाहिलंही होतं.

मंगलाताई: मग बडगामचं कसं लिहू?

नाना: सरळ लिही. २७ फेब्रुवारी २०१९, श्रीनगरहून उडालेलं एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं. हवाई दलप्रमुख भदौरियांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ही मोठी चूक झाल्याचं जाहीरपणे मान्य केलं.

मंगलाताई: ‘आपल्याच’ वाचून घरच्यांना लागणार नाही का? नाशिकचे एक स्क्वाड्रन लीडर होते त्यात.

नाना: ‘मैत्रीपूर्ण’ जास्त लागेल, ताई. आणि मुलांनी मृत सहा लिहिले असतील तर सात करा. सहा हवाई दलाचे, सातवा खाली जमिनीवर होता, तिथलाच काश्मिरी माणूस.